प्रथिनांचा आकडा आणि फेरेटचे हृदय

फेरेट हा प्राणी भारतातील घरांत क्वचितच आढळतो. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील अनेक देशांत मात्र तो कुत्र्या-मांजरांच्या जोडीने पाळला जाणारा परिचित मांसाहारी प्राणी आहे. लांबट देह, आखूड पाय आणि सतत हुंगत फिरणारे नाक यांमुळे प्रथमदर्शनी तो मुंगसासारखा भासतो. प्रत्यक्षात त्याचे कूळ पाणमांजराचे. युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने त्याला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवले. सशांच्या बिळात शिरून त्यांना बाहेर हुसकावणे आणि उंदरांचा माग काढणे, हे त्याचे काम होते. आज बहुतेक फेरेटच्या वाट्याला बीळही येत नाही आणि ससाही येत नाही. पिंजरा, मऊ अंथरूण आणि कोरड्या खाद्याचा वाडगा एवढ्यात त्यांचे जग सामावते.

या वाडग्यात काय पडते, हा प्रश्न भारतीय कृषिसंशोधनाला दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाळीव प्राण्यांच्या खाद्यात गेल्या काही वर्षांत ज्या दोन घटकांनी मोठी जागा घेतली किंवा घेऊ पाहिली, ते दोन्ही या क्षेत्राच्या जिव्हाळ्याचे आहेत. एक म्हणजे कडधान्ये आणि दुसरा म्हणजे कीटक. दोहोंची शिफारस एकाच आकड्याच्या आधारे केली जाते, तो म्हणजे प्रथिनांची टक्केवारी. हा आकडा मांसाहारी प्राण्याच्या हृदयाची हमी देत नाही. म्हणून कीटकांपासून तयार होणारे खाद्य बाजारात रुजण्यापूर्वीच त्याचे मोजमाप बदलले पाहिजे. हे मोजमाप का अपुरे आहे, ते समजण्यासाठी फेरेटसारखे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही.

आखूड आतडे, मोठी गरज

फेरेट हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. त्याचे आतडे आखूड असते आणि वनस्पतिजन्य तंतू आंबवून पचवण्यासाठी इतर अनेक सस्तन प्राण्यांत मोठ्या आतड्याच्या आरंभी जी पिशवी असते, ती त्याच्यात नसते. खाल्लेले अन्न साधारण तीन ते चार तासांत शरीराबाहेर पडते. एवढ्या अल्प वेळात जे सहज पचेल, तेच त्याच्या उपयोगी पडते. म्हणून त्याच्या आहारात सुमारे ३० ते ४० टक्के प्रथिने आणि १५ ते २० टक्के स्निग्धांश असावा, ही प्रथिने प्राणिजन्य असावीत आणि कर्बोदके व तंतुमय पदार्थ कमीत कमी असावेत, असे पशुवैद्यक सांगतात.

ही समज तशी अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये शिकारी फेरेटना पाव-दूध घालण्याची रीत दीर्घकाळ होती. महाराष्ट्रातील घराघरांत मांजरापुढे दूधभात किंवा दूधपोळी ठेवली जाते, त्याच समजुतीचा हा प्रकार. प्राणी आवडीने खातो, पोट भरते आणि पाळणारा निश्चिंत होतो. गावातले मांजर उरलेली भूक उंदीर, पाली आणि पाखरांवर भागवते, त्यामुळे दूधभाताचे उणे त्याला सहसा जाणवत नाही. बंद सदनिकेतील मांजराला किंवा पिंजऱ्यातील फेरेटला ती सोय नसते. वाडग्यात जे नाही, ते त्याच्या आयुष्यातच नाही.

फेरेटच्या पोषणगरजांचे शास्त्रही अद्याप उसनेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८२ मध्ये मिंक आणि कोल्हा यांच्या पोषणगरजा प्रसिद्ध केल्या. त्यांतील मिंकचे आणि पुढे मांजराचे आकडे यांवरून फेरेटचा आहार बेतला जातो. मिंक त्याच्या कुळातला आणि मांजर त्याच्यासारखेच निखळ मांसाहारी, म्हणून हा आधार घेणे रास्त आहे. तथापि उसना आकडा तो उसनाच.

हृदय थकते तेव्हा

मध्यम वय ओलांडलेल्या फेरेटमध्ये हृदयविकार बऱ्याच प्रमाणात आढळतात. त्यांतील एका विकारात हृदयाचा स्नायू दुबळा होतो, कप्पे ताणून मोठे होतात आणि रक्त पुढे ढकलण्याची शक्ती घटते. पशुवैद्यक त्याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. प्राणी आळसावतो, त्याचे वजन घटते, छातीत पाणी साचल्याने श्वास जलद होतो आणि पुष्कळदा मागचे पाय लटपटू लागतात. पायांच्या या दुबळेपणामुळे दुखणे पाठीचे किंवा सांध्याचे असावे असा समज होतो आणि निदानाला उशीर होतो. पाच ते आठ वर्षांच्या आयुष्यात काही महिन्यांचा उशीर ही लहान गोष्ट नव्हे.

हृदयविकाराचे खापर केवळ आहारावर फोडणे योग्य ठरणार नाही. डासांमार्फत पसरणारा हृदयकृमी फेरेटला सहज जडतो आणि त्याचे हृदय इतके लहान असते की एक-दोन कृमीही जिवावर बेततात. वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. टॉरिन या पोषकद्रव्याच्या कमतरतेमुळे फेरेटचा हृदयस्नायू दुबळा होतो अशी शंका अनेक वर्षे घेतली जाते, परंतु ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही. मग या शंकेला इतके महत्त्व का द्यावे? त्याचे उत्तर मांजराच्या इतिहासात आहे.

मांजराने शिकवलेला धडा

टॉरिन १८२७ मध्ये टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून वेगळे केले. बैलाला असलेल्या लॅटिन शब्दावरूनच त्याचे नाव पडले. रचनेने ते अमिनो आम्लांचे नातलग आहे, पण प्रथिनांच्या साखळीत ते गुंफले जात नाही. स्नायू, हृदय, मेंदू आणि डोळ्याचा दृष्टिपटल यांत ते मोकळे असते. बहुतेक सस्तन प्राणी गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून ते शरीरातच बनवतात. मांजराची ही क्षमता फारच तोकडी आहे. शिवाय त्याची पित्ताम्ले केवळ टॉरिनशीच जोडली जातात, त्यामुळे पित्तावाटे त्याचा सतत व्यय होत राहतो. मांसात टॉरिन भरपूर असते आणि वनस्पतींत जवळजवळ नसते. उंदीर खाणाऱ्या मांजराला ते बनवण्याची गरजच पडली नाही.

१९७५ मध्ये हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसीनवर वाढवलेल्या मांजरांचा दृष्टिपटल झिजतो आणि त्याचे कारण टॉरिनची कमतरता आहे, असे दाखवले. केसीन हे दुधातील उत्तम प्रतीचे प्रथिन. प्रथिनांच्या कोणत्याही तक्त्यात त्याचे स्थान वरचे असते. तरीही त्यावर पोसलेले मांजर दृष्टी गमावत होते.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू उजेडात आणली. हृदयस्नायू दुबळा झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन अत्यल्प आढळले आणि ते पुरवताच हृदयाचे काम सुधारले. ही मांजरे उपाशी नव्हती. त्यांना विकतचे, पुरेसे मानले गेलेले खाद्य मिळत होते. पुढे उत्पादकांनी खाद्यात टॉरिन वाढवले आणि मांजरांतील हा विकार झपाट्याने ओसरला. आज अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषानुसार मांजराच्या कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाद्यात ०.२ टक्का टॉरिन असावे लागते. डबाबंद खाद्यासाठी ते दुप्पट ठेवण्याचे कारण असे की, तीव्र उष्णतेने शिजवलेल्या अन्नामुळे आतड्यातील जिवाणू टॉरिनचा अधिक नाश करतात. म्हणजे घटक कोणता, एवढेच नव्हे, तर तो कसा शिजवला हेही हृदयाच्या हिशेबात धरावे लागते.

या इतिहासातील सर्वांत बोचरी बाब कालक्रमाची आहे. विकार दिसत होता, खाद्य विकले जात होते आणि वेष्टनावरील प्रथिनांचा आकडाही उत्तम होता. कारण हाती लागेपर्यंत कित्येक मांजरांची हृदये निकामी होऊन गेली होती. फेरेटबाबत पुरावा अपुरा आहे, हे निश्चिंत राहण्याचे कारण होऊ शकत नाही.

कडधान्यांचा प्रसंग

कुत्र्यांच्या बाबतीत हीच चिंता अलीकडे पुन्हा उभी राहिली. धान्यविरहित खाद्य अधिक नैसर्गिक, असा प्रचार पाश्चात्त्य बाजारात झाला आणि गहू-मक्याच्या जागी वाटाणा, मसूर आणि बटाटा आले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाद्याचा आणि कुत्र्यांतील डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचा संबंध तपासत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातील ५२४ नोंदी त्याने प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी ५१५ कुत्र्यांच्या आणि ९ मांजरांच्या होत्या. नोंदलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक धान्यविरहित होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता.

यावरून कडधान्ये हृदयाला घातक ठरतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अनेक आजारी कुत्र्यांच्या रक्तात टॉरिन सामान्य होते आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. भारतासारख्या कडधान्यांच्या सर्वांत मोठ्या उत्पादक देशाने घाबरून जाण्याचे कारण नाही. शिकायचे ते एवढेच की, एका घटकाच्या जागी दुसरा घालताना केवळ प्रथिनांची बेरीज जुळवली गेली. कडधान्यांत मिथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी असते, हे कृषिशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थीही जाणतो. टॉरिन ज्या कच्च्या मालापासून शरीरात घडते, त्यांपैकी हे एक. हे ज्ञान पुस्तकात होते, खाद्याच्या सूत्रात किती उतरले हा प्रश्न आहे.

नत्राला प्रथिन समजण्याची सवय

या चुकीचे मूळ प्रयोगशाळेत आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नत्र मोजण्याची सुटसुटीत पद्धत दिली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असते, या गृहीतकावरून मोजलेल्या नत्राला ६.२५ ने गुणायचे आणि येणाऱ्या संख्येला क्रूड प्रथिने म्हणायचे, ही रीत जगभर रूढ झाली. ती स्वस्त, जलद आणि बहुतेक चाऱ्या-पेंडींसाठी पुरेशी आहे. पण ती प्रथिन मोजत नाही, नत्र मोजते.

हा भेद किती महाग पडू शकतो, ते २००७ मध्ये दिसले. अमेरिकेतील पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी चीनमधून आणलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले निघाले. या रसायनाच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नत्राचा असतो, त्यामुळे चाचणीत प्रथिने फुगून दिसत होती. मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरे दगावली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच भेसळ बालकांच्या दुधात उघड झाली आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली.

कीटकांच्या बाबतीत भेसळ न करताही आकडा फुगतो. कीटकांचे बाह्यकवच कायटिनचे असते आणि शुद्ध कायटिनमध्ये सुमारे ६.९ टक्के नत्र असते. त्याला ६.२५ ने गुणले, तर ज्यात प्रथिनाचा कणही नाही असा पदार्थ ४३ टक्के प्रथिनांचा ठरतो. पीठकिडा आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय यांच्या अळ्यांसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक घ्यावा, अशी सूचना नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये केली. अळ्यांच्या पिठात ८ टक्के नत्र आहे असे धरले, तर जुन्या गुणकाने प्रथिने ५० टक्के येतात आणि नव्याने ३८ टक्के. फेरेटसारख्या प्राण्याच्या बाबतीत हा फरक पुरेसे आणि अपुरे यांच्यातील आहे.

कीटकखाद्य हवे, पण तपासलेले

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढतात, त्यांना शेतजमीन जवळजवळ लागत नाही आणि त्यांचे पीठ मासळीच्या कुटीला पर्याय ठरू शकते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये डुक्कर व कोंबडी यांच्या खाद्यात कीटकप्रथिनांना मान्यता दिली. भारतातही या अळ्यांपासून मत्स्य व कुक्कुट खाद्य बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. शहरांतील वाढते प्राणिपालन पाहता, उत्पादकांची दृष्टी कुत्र्या-मांजरांच्या वाडग्याकडे वळणे ओघानेच आले. पाश्चात्त्य बाजारात तर फेरेटसारख्या लहान प्राण्यांसाठीही वाळवलेल्या अळ्या खाऊ म्हणून विकल्या जातात.

या उद्योगाला विरोध करण्याचे कारण नाही. त्याला मागे खेचणारी घटना घडू नये, यासाठीच सावधपणा हवा. कीटकांच्या शरीरात टॉरिन असते, पण त्याचे प्रमाण जातीनुसार आणि अवस्थेनुसार बदलते. एका कीटकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. त्याच अळीचे पीठही प्रत्येक वेळी सारखे नसते. कोशावस्थेकडे झुकलेली अळी गडद होते, तिच्या त्वचेतील कायटिन आणि कॅल्शियम वाढते. काढणी चार दिवस लांबली की पिठाचा गुण बदलतो. अळीला काय खाऊ घातले, ती कशी मारली, किती तापमानाला वाळवली, तेल काढले की ठेवले, या प्रत्येक पायरीचा परिणाम अंतिम पदार्थावर होतो. कोंबडी वा मासळी यांच्यासाठी यांतील काही फरक क्षम्य असतील. निखळ मांसाहारी प्राण्यासाठी, ज्याला आयुष्यभर एकच खाद्य मिळते, ते क्षम्य मानता येणार नाहीत.

यासाठी चार गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, कीटकजन्य खाद्याचे प्रथिनमूल्य सांगताना कोणता गुणक वापरला, ते नमूद केले जावे. दुसरी, कुत्रा, मांजर वा फेरेट यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकघटकाची संपूर्ण अमिनो आम्ल तपासणी व्हावी आणि तीत मिथिओनिन, सिस्टिन यांच्यासोबत टॉरिनचा स्वतंत्र उल्लेख असावा. तिसरी, आहारचाचण्या वजनवाढ आणि शेणाची घनता यांवर थांबू नयेत. रक्तातील टॉरिन आणि हृदयाची सोनोग्राफी यांची नोंद काही महिने ठेवली जावी, कारण हृदयाचे नुकसान आठवड्यांत दिसत नाही. चौथी, सर्व लहान प्राण्यांसाठी अशी सरसकट जाहिरात थांबावी. ससा, हॅमस्टर आणि फेरेट पिंजऱ्याच्या आकाराने सारखे असतील, पोटाने नाहीत.

यावर दोन आक्षेप संभवतात. तपासणीचा खर्च लहान उद्योजकाला झेपणार नाही, हा पहिला. तो खरा आहे आणि म्हणूनच त्याची जबाबदारी सार्वजनिक प्रयोगशाळांनी वाटून घ्यावी. कीटकशास्त्रज्ञ अळी वाढवतात, पशुपोषणतज्ज्ञ खाद्य बनवतात आणि पशुवैद्यक आजारी प्राणी पाहतात. तिघांच्या नोंदी एकत्र आल्या, तर प्रत्येक उद्योजकाला शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही. दुसरा आक्षेप असा की, कृत्रिम टॉरिन स्वस्त आहे, ते वरून मिसळले की प्रश्न मिटतो. मिसळणे आवश्यक आहेच आणि मांजरांच्या खाद्यात ते आज मिसळलेही जाते. पण किती मिसळावे, हे मूळ घटकात किती आहे आणि शरीरातून किती निसटते हे कळल्याशिवाय ठरत नाही. न मोजता घातलेली भर म्हणजे अंदाजपंचे.

प्राणी पाळणाऱ्यांसाठी सांगण्यासारखे थोडेच आहे, पण उपयोगाचे आहे. मांजराला वा फेरेटला डाळभात, दूधपोळी हा मुख्य आहार म्हणून देऊ नये. मांस उकळले, तर टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी ओतून न देता मांसासोबतच वाढावे. अळ्यांचा खाऊ हा खाऊच राहावा, जेवण होऊ नये. आणि प्राणी सुस्तावला, धापा टाकू लागला किंवा मागच्या पायांनी डळमळू लागला, तर पशुवैद्यकाला दाखवताना तो काय खातो, हे खाद्याच्या पिशवीसह सांगावे. निदानाचा धागा पुष्कळदा त्या पिशवीवरच सापडतो.

मांजरांना १९८७ पर्यंत थांबावे लागले. भारतातील कीटकखाद्याचा उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे. त्याच्या वेष्टनावर काय छापायचे, हे ठरवण्याची वेळ म्हणूनच आताची आहे. पहिली पिशवी विकली जाण्याआधी टॉरिनचा रकाना तिच्यावर असेल, तर तो पुढे आजारी प्राण्यांच्या यादीवरून भरावा लागणार नाही.